पोच आल्याशिवाय पुढे नाही

पूर्णा गावच्या भाऊजींचं एकही वाक्य आजवर वाया गेलेलं नाही. असा माणूस आपल्या परभणी जिल्ह्यात दुसरा नाही, आणि मुलांनो, तुम्ही राहता त्या देशातही नसावा. भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. त्यांनी सारी नोकरी तंत्रनिकेतनात, संगणक एकमेकांना कसे जोडतात ते शिकवण्यात घालवली. त्या विषयात पुष्कळ प्रकरणं असतात म्हणे, पण भाऊजींचा जीव एकाच प्रकरणावर जडला. दोन यंत्रं तारेने जोडली, की एकाने दुसऱ्याला मजकूर तुकड्यातुकड्याने पाठवायचा. तुकडा नीट मिळाला की पलीकडून पोच यायची. पोच आली नाही तर तोच तुकडा पुन्हा धाडायचा. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो, म्हणजे एकच दोनदा आला तर ओळखता येतो. आणि घेणाऱ्याचे हात भरलेले असतील तर देणाऱ्याने थांबायचं. बाकीचे लोक हे परीक्षेपुरतं शिकवतात. भाऊजी तसे जगले.

वर्गात शेवटच्या बाकावरची मान हलल्याशिवाय ते फळ्यावर पुढची ओळ लिहीत नसत. त्यामुळे अभ्यासक्रम कधी पुरा झाला नाही, पण त्या एका प्रकरणात त्यांचा विद्यार्थी कधी अडला नाही. घरीही तेच. एक वाक्य बोलायचं आणि समोरून 'हं' येईपर्यंत गप्प राहायचं. 'हं' आला नाही तर तेच वाक्य, त्याच सुरात, पुन्हा. एकदा दुपारी तुमच्या आजोबांना ऐकता ऐकता डुलकी लागली. मी चहा करून बाहेर आले, तरी भाऊजींचं "अण्णा, वांग्याची रोपं आणली" हेच चाललेलं.

मी म्हणाले, "भाऊजी, ते झोपलेत."

"मग तुम्ही हं म्हणा, वहिनी. रोपं उन्हात सुकायलीत."

निरोपाच्या शेवटी ते शब्दांची मोजणी जोडतात. त्यांची बहीण, म्हणजे माझी नणंद, वालूरला असते. ती मोबाइल उशीखाली ठेवून घरभर फिरते, त्यामुळे तिला निरोप माणसाबरोबरच धाडावा लागतो. भाऊजींना साखरेचा आजार. त्यांनी तिकडच्या एका दुकानदाराला सांगितलं, "रविवारी जेवायला येतो, गोड नको. शब्द पाच." त्याने ओसरीवर जाऊन सांगितलं, "रविवारी जेवायला येतो म्हणले, काहीतरी गोड करा. अन् शब्द पाच." नणंद बोटं मोजून म्हणाली, "पाच कुठं? जास्त भरायलेत. परत इचारा." तिच्याच ओसरीवरून त्या बिचाऱ्याने भाऊजींना फोन लावला आणि त्यांचं श्रीखंड टळलं. चूक शोधत बसायचं नाही, निरोप नवा मागवायचा, हा भाऊजींचा नियम बहिणीने बरोबर उचलला होता.

पण भाऊजींचा पोचेचा नियम खरा उजळला तो यंदा पोखर्णीला, नणंदेच्या नातीच्या लग्नात. बुफे नको, माणसं बसून जेवली पाहिजेत, असा नणंदेचा हट्ट होता. मनात मात्र तिला एकच धास्ती. तिच्या दोन्ही मुलांच्या लग्नांत पाहुणे जेवून उठले, तेव्हा घरच्या बायकांसाठी गार भात आणि भाजीचा रस्सा उरला होता. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "वैनी, या वेळेला माझ्या सुना गरम जेवल्या पायजेत. माझं काही न्हाई."

पहिल्याच पंगतीला घोटाळा झाला. स्वयंपाक कार्यालयाच्या मागे, पंगत पुढे. वाढणाऱ्याने भात मागितला, मागून कुणी ओ दिली नाही. म्हणून दुसऱ्याने मागितला, मग तिसरा पळत जाऊन सांगून आला. पानांवर भाताचे ढीग लागले आणि पुरीचा पत्ता नाही. नवऱ्या मुलाचे काका मोठ्याने म्हणाले, "पुऱ्या नांदेडहून यायल्यात का?" नणंदेचा चेहरा पांढरा पडला. आम्ही मागे धावलो, तर आचारीच तक्रार करू लागला, "एकाच भाताला तिघं सांगून गेले. मी तीनदा टाकला. तांदूळ संपत आलाय, अन् पुरीला माणूस मोकळा न्हाई."

भाऊजींनी शांतपणे बाह्या वर केल्या. "पोच मिळाली न्हाई, म्हणून सगळे तेच तेच पाठवायलेत."

"दादा, आता शिकवणी नको," नणंद रडवेली होऊन म्हणाली. "माझी इज्जत राखा."

त्यांनी प्रत्येक ओळीला क्रमांक दिला. ओळीमागे एकानेच मागायचं, आणि आचाऱ्याने तिथूनच ओरडून पोच द्यायची. तीच मागणी पुन्हा आली तर नुसती पोच द्यायची, माल नाही. ओळीच्या टोकाचा हात वर झाल्याशिवाय परात हलवायची नाही.

"अन् हात वर झालाच न्हाई तर?" आचाऱ्याने विचारलं.

"मग खायलेत म्हणायचं. खाऊ द्या."

काकांना हे बघून मजा वाटली. "गुरुजी, लगीन लावायलेत का रेल्वे सोडायलेत?"

"दोन्हीला सिग्नल लागतो," भाऊजी म्हणाले आणि त्यांच्या 'हं'ची वाट बघत उभे राहिले. काकांना तो द्यावाच लागला.

एकेक परात सोडू लागल्यावर मात्र कामाला गती येईना. मी म्हणाले, "भाऊजी, अशाने दिवस मावळेल." ते विचारात पडले. मग म्हणाले, "खरंय. दोन पराती वाटेवर असू द्या, तिसरी कढईपाशी." आणि मग पंगत अशी धावू लागली, की बघत राहावं. "तीन नंबर, पुऱ्या, पोचलं" असं आचारी कीर्तनकारासारखा खड्या आवाजात गाऊ लागला. ओळीमागून ओळ तृप्त होऊन उठली. काकांनी पुऱ्या तर खाल्ल्याच, वर "माझ्या पोरीच्या लग्नाला तुमालाच यायचंय गुरुजी" म्हणून भाऊजींचा हात धरला. आणि कणीक अजून परातभर शिल्लक होती.

शेवटच्या पंगतीला सुना बसल्या, मी बसले. नणंद वाढायला निघाली, तिला भाऊजींनी दंडाला धरून खाली बसवलं आणि परात स्वतः घेतली. फुगलेली पुरी फोडताना सुनांची बोटं भाजत होती आणि त्या हसत होत्या. नणंदेच्या पानात एक पुरी पडली, ती संपली, दुसरी पडली. भाऊजी तिच्यासमोरून हलेनात.

"पुरे म्हण, मग पुढं जातो."

पुरे म्हणायची तिला सवयच नव्हती. आजवर भांड्यातलं संपलं, की तिचं जेवण संपत असे. तिने आणखी एक पुरी वांग्याच्या भाजीशी सावकाश खाल्ली, मग पानावर हात आडवा धरला आणि हळूच म्हणाली, "बास, दादा. पोट भरलं."

भाऊजी सुनांकडे वळले. नणंद उठली नाही. तिथेच, रिकाम्या पानासमोर, हात न धुता बसून राहिली. तिला असं स्वस्थ बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.