बॉबिनची डबी

मावशीला टेलरमास्तरांकडे कामाला लागून जेमतेम तीन दिवस झाले होते. त्याआधी तेरा वर्षं तिने कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवल्या. कारखाना बंद पडला, अर्धं शहर हातावर हात ठेवून बसलं आणि पाठदुखीसाठी घेतलेल्या गोळ्यांची मावशीला अशी चटक लागली की आधी खोली गेली, मग माणसं. तीन वर्षं पुलाखाली काढली. बेघरांच्या निवाऱ्यातल्या नर्सबाई हात धुऊन मागे लागल्या, म्हणून ती त्यातून सुटली. हे उपकार सात जन्म फिटायचे नाहीत, असं मावशी येता-जाता सांगते आणि नर्सबाई येता-जाता लाजतात.

गोळीला हात न लावता नऊ महिने झाले होते. ही नोकरी महिनाभर टिकली, तर निवारा तिला स्वतःची खोली मिळवून देणार होता. गेली, तर पुन्हा पूल होताच.

चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिने खिशात हात घातला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. खिशात मास्तरांच्या मशीनची डबी होती, खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते ती. कारखान्यात प्रत्येक बाई सुटताना आपली डबी काढून घरी न्यायची. दोऱ्याचा ताण ठरवणारा तिचा स्क्रू आपल्या बेताने लावलेला असतो. दुसऱ्या पाळीच्या बाईने तो फिरवला की झालं कल्याण. काल मावशीच्या बोटांनी तिला न विचारताच ते काम उरकलं होतं.

चहा तसाच टाकून ती धावत सुटली. दुकानाशी पोचते तो आतून शेजारच्या इस्त्रीवाल्याचा आवाज. गर्दुल्ल्या बाईला दारात उभं करू नका म्हणून आपण आधीच बजावलं होतं, तिने डबी विकून नशा केली असणार, असं तो मास्तरांना ऐकवत होता. आल्या पावली परत फिरावं, असं तिला वाटलं.

मास्तर मशीनवर वाकले होते. मान वर न करताच म्हणाले, "विकायचंच असतं तर मोठी कात्री नेली असती त्यांनी, मोटर नेली असती. मीपण कारखान्यात होतो रे. डबी कोण नेतं? ज्याला उद्या कामावर यायचंय तो."

इस्त्रीवाल्याला दारात मावशी दिसली आणि तो तिला वळसा घालून आपल्या दुकानाकडे सटकला.

मावशीने डबी पुढे केली. माफी मागायची होती. डोळे मात्र घळाघळा वाहायला लागले. नर्सबाई सोडल्या तर इतक्या वर्षांत तिच्या बाजूने कुणी बोललं नव्हतं. मास्तरांनी डबी घेतली नाही.

"बसा मावशी," ते म्हणाले, "आणि जाताना रोज घेऊन जा."