सूर्य गुडघ्यात यायच्या आधी

उंच डोंगरांतल्या बर्तांगच्या खोऱ्यात सूर्य माणसाच्या अंगावरून चालतो. वसंतात पायाच्या नखात शिरतो, उन्हाळ्यात डोक्यावर पोचतो आणि मग एकेक अवयव उतरत खाली येतो. गावात हा हिशेब ठेवायचा मान कुर्बोनशोचा. छताच्या झरोक्यातून आलेलं ऊन खांबावरच्या नख, गुडघा, कंबर अशा कुठल्या खुणेवर पडलं, ते पाहून तो सांगायचा आणि गाव पेरायला लागायचं, गुरं खाली आणायचं. चाळीस वर्षं त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

यंदा त्याची लेक नेकबख्त पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आलेले, पोर आडवं. दाईनं सरळ सांगितलं होतं, हे माझ्या हातचं काम नव्हे, खाली दवाखान्यात न्या. गुरुवारी गावातल्या शोदमोनची जीप खाली निघाली. रेडिओवर बर्फाची बातमी होती, म्हणून त्यानं मागची सीट तिच्यासाठी मोकळी ठेवली. तिनं बापाला विचारलं, जाऊ का?

"सूर्य अजून कमरेत आहे," कुर्बोनशो म्हणाला. "तो गुडघ्यात आल्याशिवाय बर्फ पडत नाही. पुढच्या खेपेला जा." रेडिओवाल्यांना काय कळतंय, हेही वर जोडलं. जीप गेली.

शनिवारी बर्फ सुरू झाला. रविवारी डोंगरावरून हिमाचा लोंढा आला नि खालची वाट गाडून गेला. फोन मुका झाला. मंगळवारी सकाळी नेकबख्तला कळा लागल्या. कुर्बोनशोची बायको गुलसिफत पाणी तापवत होती, पण नवऱ्याशी तिनं ब्र काढला नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेजारी अंगावरचा बर्फ झटकत आत आले. जुनी सवय ती, विचारते झाले, बाबा, हे अजून किती दिवस? कुर्बोनशोनं खांबाकडे पाहिलं. झरोका बर्फानं बुजला होता. खांबावर ऊनच नव्हतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. मग बांध फुटावा तसा बोलत सुटला. तीन वर्षं जर्दाळू वेळेआधी फुलतायत, हिशेब चुकतोय, हे त्याला कळलं होतं. "पण सांगितलं असतं, तर उद्यापासून मला कोण विचारणार होतं?"

अहो, मानापायी माणूस किती आंधळा होतो! कळ ओसरल्यावर नेकबख्त बोलली.

"बाबा, मी विचारलं होतं ना तुम्हाला."

म्हातारा उठला. कोपऱ्यातलं फावडं घेऊन उंबऱ्यापासूनच खणायला लागला. शेजारीही आपापली फावडी घेऊन आले. दवाखाना जीपनंसुद्धा दिवसभराच्या वाटेवर. दुपारपर्यंत ते जर्दाळूच्या बागेपर्यंत पोचले. तिथवर घरातलं तिचं ओरडणं स्पष्ट ऐकू येत होतं, आणि मागे खणलेली वाट पुन्हा भरत होती. तरी सगळे खणत राहिले. पुढे कुठून जायचं, थांबायचं की नाही, ते आपसात ठरवत होते. कुर्बोनशोला कुणी काही विचारलं नाही.