गाळलेली चूल

चार इयत्ता शिकलेला माणूस मी, लिहिताना अडखळतो. पण ही गोष्ट दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यायची लाज वाटते, म्हणून स्वतःच बसलो. महाराष्ट्र नवा झाला त्या सुमारास पांढरकवड्याकडच्या आमच्या तांड्याचा मी नायक होतो. माझा शब्द कोणी मोडत नसे आणि मला त्याची मोठी घमेंड. धाकटा भाऊ धनू, त्याचं डोकं फिरलं तेव्हा मीच त्याला नागपूरच्या पागलखान्यात ठेवून आलो. काही वर्षांनी पत्र आलं, सुधारला आहे, घेऊन जा. मी गेलो नाही. नायकाच्या घरी पागल, लोक काय म्हणतील, एवढंच मनात.

शेवटी आमची विधवा काकी एकटी मोटारीनं गेली आणि दोन माणसं घेऊन आली. एक धनू, दुसरा वर्ध्याकडचा, ज्याला न्यायला कोणीच आलं नव्हतं. आपल्या झोपडीला लागून तिनं त्यांना कुडाची खोली बांधून दिली. गोळ्या तिच्या हातून, मग तिघं मिळून कापूस वेचायला. भाकरी मात्र त्यांची त्यांनी थापायची, हा तिचा नियम. मी तांड्याला बजावलं, ती चूल आपल्यात धरायची नाही.

आमच्यात महाराजांच्या, म्हणजे आमच्या दैवताच्या, भोगाला प्रत्येक चुलीचं पळीभर तूप जमा होतं. निखाऱ्यांवर तूप आणि लापशी सोडायची, ज्योत आपसूक उठली की भोग पावला. त्या साली मी ती एक चूल गाळली.

काकीनं सगळ्यांदेखत विचारलं, "या दोघाईचं तूप कायले नाही घेतलं?"

"पागलाच्या हातचं देवाले चालत नाही."

"तांड्यात पागल दोनच काय? मोजणी चुकली तुही, नायका."

बाया पदराआड हसल्या. मी रागानं तूप सोडलं. नुसता धूर. पुन्हा सोडलं, तिसऱ्यांदा सोडलं. धूरच.

तेव्हा तो वर्ध्याकडचा पुढं आला, गुडघ्यावर बसला आणि दुपट्ट्यानं हळूहळू वारा घालू लागला. "राख चढली जी," एवढंच बोलला. मग आपल्या घरची तुपाची वाटी त्यानं धनूच्या हातात दिली. "सोड. तुह्या घरचा देव हाये."

धनूनं सोडलं नाही. माझ्याकडं, थोरल्या भावाकडं, पाहिलं. "भिया, सोडू?"

ज्याला मी वर्षानुवर्षं टाकून दिलं, तो मलाच विचारत होता. मी जागेवरून सरकलो. धनूनं तूप सोडलं आणि ज्योत हातभर उठली.

राख झाडली म्हणून पेटलं, असं कोणी म्हणेल. असेल. मी वाद घालत नाही. त्या दुपारी त्यांच्या चुलीपाशी बसून मी भाकरी खाल्ली. धनूनं मला कधीच जाब विचारला नाही. विचारला असता तर सोपं गेलं असतं.

कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, हे नायक ठरवतो असं मी समजत होतो. महाराजांनी माझ्याकडून काही मोठं मागितलं नव्हतं. मी फक्त बाजूला सरायचं होतं. तेवढंही मी उशिरा केलं, आणि तरी त्यांनी ते गोड मानून घेतलं.