गेनूभाऊंच्या नावावरचा अपघात

घाट उतरताना गेनूभाऊ शिवळे मध्येच ट्रक थांबवत आणि प्रत्येक चाकाच्या ब्रेकच्या ड्रमजवळ उलटा हात नेत. आजारी पोराचा ताप बघावा तसा. धग लागली की तिथंच दगडावर बसून तंबाखू मळायची. आम्ही घाई केली तर म्हणत, "दम धरा राव. तिला बी दम खाऊ द्या."

गेनूभाऊ महाळुंग्याचे. बासष्टच्या लढाईत त्यांनी लष्कराच्या गाड्या लडाखला नेल्या होत्या. पुढे भोसरीत आमच्या ब्रेक लायनरच्या, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांच्या, कारखान्यात ते चाचणीचे ड्रायव्हर झाले. मी नवा सुपरवायझर. नवा लायनर माझ्या देखरेखीखाली तयार झाला, आणि तो तपासायला आम्ही दोघं वाळूची पोती भरलेला ट्रक घेऊन मनालीच्या वरच्या खिंडीत गेलो.

उतरताना मी हट्टानं स्टिअरिंग मागून घेतलं. सुपरवायझरला गाडी चालवायला मनाई होती. गेनूभाऊ एवढंच म्हणाले, "ज्या गेरात चढलो त्याच गेरात उतरा." मी वरचा गिअर टाकला आणि सगळा भार ब्रेकवर सोडला. लायनर माझा होता, तो धरणारच. चौथ्या वळणावर जळका वास आला आणि ब्रेकचं पेडल तळाला गेलं. गेनूभाऊंनी शेजारून स्टिअरिंग ओढून ट्रक डोंगराला घासवला. दरी उजवीकडे राहिली. त्यांचा डावा हात मोडला.

चौकशीत मॅनेजरांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं. मी टेबलाकडे बघत राहिलो. गेनूभाऊ म्हणाले, "गाडी माझ्या ताब्यात व्हती, साहेब." ड्रायव्हर उजवीकडे बसतो, मग डावा हात कसा मोडला, हे कुणी विचारलं नाही.

त्यांना गेटवर बसवलं. मी पुढं फोरमन झालो. रोज फाटक उघडताना ते माझ्या मुलांची चौकशी करत. एकदा मी विषय काढला, तर म्हणाले, "तुमची नोकरी नवी व्हती. जाऊ द्या. पोरगं तेवढं इचारतं, तात्या, तुमाला गाडी का देत न्हाईत? तवा काय बोलावं सुचत न्हाई." तरीही मी मॅनेजरांकडे गेलो नाही.

परवा त्यांच्या दहाव्याला गेलो. मुलगा आता तिशीचा. सहज म्हणाला, "त्या घाटात तात्यांना डुलकी लागली होती म्हणतात."

"नाही," मी म्हणालो. "ते जागे होते. गाडी मी चालवत होतो."

त्यानं घराच्या दाराकडे बोट केलं. म्हणाला, "हे आईसमोर बोला. ती आत आहे."

मी चपला काढल्या आणि आत गेलो.