कपाळावरची राख

खुर्सीपारला चहाच्या टपरीवर तो मला रोज दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. पहिल्या घोटाआधी तो कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना बोटं लावायचा, त्यावरून ख्रिश्चन असावा एवढं कळलं होतं.

मी पोलाद प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळसा भाजायच्या भट्टीवर. आमच्यात कोणाच्या तोंडावर काजळी दिसली, की शेजारचा न विचारता पुसून देतो. एका दुपारी पाळी सुटल्यावर त्याच्या कपाळावर काळा डाग दिसला. त्या दिवशी तो चहा न घेता नुसताच बसला होता. मी माझा मळका रुमाल काढला आणि डाग पुसून टाकला.

तो दचकला. मग हळूच म्हणाला, "अरे भाऊ, ती चर्चची राख होती. आजपासून आमचे उपास. देवानं मानसाले मातीतून बनवलं, त्याची आठवन म्हनून फादर लावते."

मी इतका ओशाळलो की भलतंच बोललो, "आमी बौद्ध. बनवनारा कोनी हाय, असं आमी मानत नाही."

"बनवताना त्यानं तुले विचारलं होतं का?"

"पन तुमाले हे सांगितलं कोनं?"

"त्यानंच. आन वाचवनाराबी तोच."

"मग मले कावून वाचवन तो? मी तर त्याची राख पुसली."

तो हसला. "मातीचा तूबी हायेस नं?" म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला.

घरी आईनं रुमाल धुवायला मागितला. देण्याआधी मी तो उघडून पाहिला. त्याची राख कोणती आणि माझी काजळी कोणती, काही केल्या ओळखू येईना.