फाईलमधली शून्यं

"सर, गॅलेक्सींची ही फाईल कुणी बनवली होती?" नसरीननं विचारलं. थिसिस बाइंडिंगला जायला चार दिवस उरले होते.

"मीच. का?"

तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

मी तेव्हा नांदेडला फिजिक्स शिकवत होतो. नसरीन कंधारची, माझ्याकडं पीएच.डी. करणारी. तिचा विषय म्हणजे विश्वाच्या सुरुवातीची उरलेली ऊब. ती मायक्रोवेव्ह लहरींच्या रूपानं अजून सगळ्या आकाशातून येते, आणि जवळपास सगळीकडं सारखी असते. फक्त एका ठिकाणी अपेक्षेपेक्षा थंड डाग दिसतो. का, ते नक्की कुणालाच माहीत नाही. नसरीनचं म्हणणं होतं, की त्या दिशेला प्रचंड पोकळी आहे, जिथं गॅलेक्सी फारशा नाहीतच. ती ओलांडताना या लहरी जराशा थंडावतात. पाच वर्षं घासून तिनं ती पोकळी दाखवली होती. डिपार्टमेंटमध्ये पेढे वाटून झाले होते.

"हा भाग बघा. इथं दुर्बिणीनं पाहिलंच न्हाई. गॅलेक्सींच्या मूळ यादीत ही जागा कोरी हाय. आपल्या फाईलमध्ये शून्य हाय."

कोऱ्या जागेवर प्रोग्राम अडायचा, म्हणून ती शून्यं मीच भरली होती. 'पाहिलं नाही' याचं 'काही नाही' होऊन बसलं होतं.

कोरे भाग वगळून आम्ही पुन्हा रन घेतला. पोकळी उरली, पण लहानशी. तेवढ्या पोकळीनं एवढा थंडावा येत नव्हता.

मी विभागप्रमुखांकडं गेलो. ते म्हणाले, "मुदत संपून राहिली. हाय तसं सबमिट करा. बाहेरच्या परीक्षकाला काय कळतंय?"

नसरीन माझ्या मागंच उभी होती. "सर, मला कळलंय ना."

मी मुदतवाढीचा अर्ज केला. चूक माझी आहे, असं स्पष्ट लिहिलं. अर्ज नामंजूर झाला. गाईडच्या चुकीसाठी मुदत वाढवायचा नियम नव्हता. मुदत संपली आणि तिचं रजिस्ट्रेशन रद्द झालं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं वह्या पिशवीत भरल्या.

"अब्बांना काय सांगू, सर?"



आता ती लातूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. ईदला मी फोन करतो. इकडचं तिकडचं बोलतो, संशोधनाचा विषय दोघंही टाळतो. थंड डागाचं कारण अजून नक्की झालेलं नाही.

गाईडनं दिलेली फाईलसुद्धा तपासून घ्यायची असते. हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.