पाच गुण कमी

"आपला आहे ना? मग पाच कमी." असं म्हणत सर स्वतःच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधावरचा आकडा लाल पेन्सिलीने खोडायचे. सत्तर सालानंतरची गोष्ट. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात मी विभागाचा कारकून होतो. गुणांच्या याद्या माझ्याच हातून जात.

इतर प्राध्यापक आपल्या पोरांना सढळ हाताने गुण देत. सरांचं म्हणणं, हाताखालच्या पोराकडे तराजू झुकतोच, आपल्याला कळतही नाही. म्हणून तेवढं आधीच काढून ठेवायचं. डब्यातली शेंगाचटणी वाटतानाही चिमूटभर जास्त पडली, तर परत उचलून घेत. आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

सांगोल्याकडचा एक मुलगा त्यांच्याकडे होता. बाप मेंढरं राखायचा. पोराने दोन वर्षं कळपांमागे हिंडून धनगरी ओव्या गोळा केल्या आणि त्यांवर प्रबंध लिहिला. तो वाचताना सरांचा चहा गार झाला. शेवटचं प्रकरण तर त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. मग नेहमीसारखे पाच खोडले.

बाहेरच्या परीक्षकाने सरांपेक्षा जास्त गुण दिले होते. तरी बेरीज केली तेव्हा प्राध्यापकीला लागणारा वर्ग दोन गुणांनी हुकत होता. मी यादी सरांपुढे धरली. त्यांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. आता वाढवले तर तो पक्षपात होईल, म्हणाले आणि सही केली.

निकालानंतर पोरगा आला. तक्रार काहीच नाही.

"सर, कुटं चुकलं तेवढं सांगा की. मी सुधारतो."

जन्मात खोटं न बोललेला माणूस खिडकीकडे बघत म्हणाला, "शेवटचं प्रकरण जरा कच्चं राहिलं."

मला सरांचा राग आला. अजून येतो.

त्यानंतर सरांनी एकही विद्यार्थी घेतला नाही. त्या मुलासाठी कॉलेजांना पत्रं लिहिली. सगळ्यांनी आधी वर्ग विचारला. दीड वर्षात सर हृदयविकाराने गेले.

पुढच्या उन्हाळ्यात तो मुलगा ऑफिसात आला. श्रीपूरला साखर कारखान्यात चिकटला होता. सर गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तसा बाकावर बसला. मग पिशवीतून कागद काढले. पाळी सुटल्यावर रोज थोडं थोडं करत त्याने शेवटचं प्रकरण अख्खं नव्याने लिहिलं होतं.

"भाऊसाहेब, तुमी सरांजवळ हुता. आता तरी बरोबर झालंय का बघा."

मी पानं उलटली. झालंय, म्हणालो. आधीचंही बरोबरच होतं, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.